उद्याच्यांची बाजू मांडणाऱ्या बाई आणि माझा एक शब्द

प्रा. कुमुदिनी पाळंदे यांची आणि माझी पहिली भेट बत्तीस वर्षांपूर्वी बनारसच्या ब्रह्माघाटाच्या गल्लीतल्या एका छापखान्यात झाली, आणि ती भीतीत झाली. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटली. माझ्यापाशी कुठलीही पदवी नाही. हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला ते शोधून काढण्याचे श्रम पडणार नाहीत. मी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, जुळवत असे. दुपारी एक उंच, सावळ्या बाई हाताने लिहिलेली पाने घेऊन आल्या आणि मालकांसमोर ठेवून उभ्या राहिल्या. मालकांनी दोन पाने उलटली.

"बाई, आमच्याकडे सत्यनारायणाच्या पोथ्या होतात, लग्नपत्रिका होतात. हे कसलं?"

"अर्थशास्त्र आहे."

"ह्यात रुपया तर कुठं दिसत नाही!"

"तो काढल्यावर जे उरतं ते आहे," बाई म्हणाल्या.

मालक पाने परत करणार, तेवढ्यात मी मधे बोललो, "मी जुळवून पाहतो." का बोललो, मला आजही कळत नाही. त्या पानांत बेरजेचे ग्रीक चिन्ह होते, ते आमच्याकडे नव्हते. मी रोमन केसमधला मोठा M उचलला आणि आडवा पाडून जुळणीच्या पट्टीत, स्टिकमध्ये, बसवला. खिळ्याचे तोंड आरशातल्यासारखे उलटे असते, म्हणून खिळा उजव्या अंगावर पाडायचा, तेव्हा कागदावर M डाव्या अंगावर पडतो आणि बेरजेचे चिन्ह सुलटे उमटते. उलट पाडला तर चिन्हाचे पोट फिरते. ही चूक मी पुढे मोठ्या नावाच्या छापखान्यांच्या कामातही पाहिली आहे. अनंताच्या चिन्हासाठी रोमन 8 आडवा केला. एक ओळ छापून बाईंच्या हातात दिली आणि मालकांची नजर चुकवून बाजूला उभा राहिलो. बाईंनी कागद उजेडात धरला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही हे कुठं शिकलात?" कुठेच नाही, असे मी सांगितले. त्या दिवसापासून बाई मला ‘तुम्ही’ म्हणू लागल्या. विद्यापीठातल्या प्राध्यापिकेने खिळे जुळवणाऱ्या वीस वर्षांच्या पोराला ‘तुम्ही’ म्हणावे, ह्याचे मोल ज्यांना ‘अरे’, ‘ए’ ऐकण्याची सवय नाही त्यांना कळणार नाही.

बाईंना ह्या वर्षी पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला ‘आठवणींची चार पाने’ मागितली आहेत. आठवणी मी सांगणार आहेच. पण त्यांतली एक आठवण कबुलीची आहे, आणि ती लिहायला मला चार वर्षे धीर झालेला नाही. आमच्या चौकातल्या विहिरीवर बाईंच्या नावाने एक वाक्य चिकटवलेले आहे. ते बाईंचे नाही. ते माझ्या चुकीने झाले आहे. आता त्याच वाक्याच्या आधाराने चौकात आणखी खोल बोरिंग करण्याचा ठराव इथल्या जुन्या घरांच्या मंडळाच्या येत्या सभेपुढे येतो आहे, आणि सभा ह्या ग्रंथाच्या प्रकाशनानंतरच्या रविवारी आहे. म्हणून आता गप्प बसता येत नाही.

चूक कळायला बाईंचा विषय कळायला हवा. तो मला जसा कळला तसा सांगतो.

बाईंचा विषय समाजाच्या कल्याणाचे मोजमाप हा. आणि त्यातही त्यांनी जन्मभर धरून ठेवलेला प्रश्न एकच. जी माणसे अजून जन्मलेली नाहीत त्यांचे सुखदुःख आपण हिशेबात कसे धरायचे? त्या पहिल्या लेखातच एक ग्रीक अक्षर होते, ‘रो’. मी त्याच्या जागी तिरपा p बसवला होता आणि बाईंनी तो लगेच पकडला. मी विचारले, हे अक्षर म्हणजे काय?

"ह्याला मी बट्टा म्हणते. एखादा माणूस आपल्यानंतर जन्मला, तर त्याच्या सुखाचं वजन किती कमी धरायचं, तो आकडा."

"कमी का धरायचं?"

"उशिरा जन्मला म्हणून."

"एवढ्याचसाठी? मग शेंडेफळाला ताटात कमी वाढायचं?"

बाई हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. "हे मी वर्गात सांगू का?" त्यांनी माझी परवानगी मागितली. हे उदाहरण पुढे त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात आले आणि तळटीपेत माझे नाव आले: ‘हा दाखला श्री. दत्तात्रेय करमरकर यांचा.’ तळटिपेचा टाइप आठ पॉइंटचा होता. मीच जुळवला.

बाईंचे म्हणणे थोडक्यात असे. आपल्यानंतर येणाऱ्याचे वजन कमी धरण्याला न्यायाचे एकच कारण असू शकते: तो कदाचित येणारच नाही, ही शंका. बाकी सगळी कारणे म्हणजे आपली अधीरता; तिला आपण शास्त्राचे कपडे घालतो. पण बट्टा काढून टाकला की पिढ्यांची बेरीज अनंताकडे जाते, आणि दोन अनंतांत मोठे कोणते हे सांगता येत नाही. इथे बाईंचे गणित अडते, आणि ते अडते हे त्या लपवत नाहीत. मी दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे गणित शिकायला जात असे. एकदा त्यांनी ह्याच ठिकाणी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "खरं सांगू? इथं मला भीती वाटते. आपण ज्यांचं काही काढून घेतो आहोत ते ओरडूही शकत नाहीत. भीती वाटत नसेल त्यानं हा विषय शिकवू नये." बाईंसारख्या विद्वान व्यक्तीच्या तोंडून भीती हा शब्द मी प्रथमच ऐकला, आणि मला धीर आला. भित्रा माणूसही अभ्यास करू शकतो, हे त्या सकाळी कळले.

त्यांच्या वागण्यात आणि विचारात फट नाही. माझे वडील आचारी होते. पंगतींचा न्याय मी लहानपणापासून पाहिलेला: पहिल्या पंगतीला जिलबीचा आग्रह, दुसरीला जिलबी, तिसरीला पाक. मंडळाच्या एका उत्सवात बाई प्रमुख पाहुण्या होत्या. पहिल्या पंगतीत त्यांचे पान मधोमध मांडले होते, भोवती रांगोळी. बाई बसल्याच नाहीत. "मी मागून बसते," म्हणून वाढायला लागल्या. मंडळाचे चिटणीस अण्णा मागे मागे फिरत होते, "बाई, बरं नाही दिसत हो!" बाई वाढपी आणि आचारी यांच्याबरोबर शेवटच्या पंगतीला बसल्या. भाजी संपली होती, मठ्ठा संपला होता. भात आणि तळाचे वरण. अण्णा ओशाळून म्हणाले, "अंदाज चुकला." त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "अंदाज नेहमी पहिल्या पंगतीच्या बाजूनंच कसा चुकतो, अण्णा?" अण्णा हसले. पुढच्या वर्षीपासून आचारी वाढायला घेण्याआधीच प्रत्येक पदार्थ तीन पंगतींसाठी तीन भांड्यांत वेगळा काढून ठेवू लागले. हा बदल घडवणाऱ्या बाईंनी ह्यावर कधी लेख लिहिला नाही.

माझ्यासारख्याशी त्या कशा वागल्या त्याचीही एक गोष्ट. पुस्तकाची मुद्रिते, म्हणजे प्रूफे, तपासणे चालू असताना दिल्लीहून एक विद्वान त्यांच्याकडे आले होते. मी एका प्रमेयात शंका काढली तर ते बाईंना म्हणाले, "ये तो कंपोज़िटर हैं ना?" बाई म्हणाल्या, "जी हाँ. इन्होंने मेरी दो ग़लतियाँ निकाली हैं. आपने तो अभी एक भी नहीं निकाली." ते दोन्ही दोष खरे होते. त्यांतला एक मुद्दाम सांगतो. एका समीकरणात t+1 च्या जागी t−1 पडले होते. म्हणजे पुढची पिढी म्हणायचे तिथे मागची पिढी झाली होती. एका आडव्या रेघेवर उभी रेघ राहून गेली, आणि नातवाचा आजोबा झाला. ती चूक पकडल्याचा मला किती गर्व झाला होता, हे पुढचे वाचताना लक्षात ठेवावे.

चार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आमच्या चौकातली विहीर मंडळाच्या मालकीची. त्याच्या काही वर्षे आधी तिच्या कडेला मंडळाने बोरिंग करून पाण्याखाली चालणारा समरसिबल पंप बसवला होता आणि चौकातली घरे त्यावर पाणी भरू लागली. चौकात आम्ही जुनी मराठी घरे आहोत, पिढ्यान्‌पिढ्या बनारसी झालेली. आणि भाडेकरू आहेत, काही इकडचे, काही रेल्वेच्या नि बँकेच्या नोकरीत महाराष्ट्रातून आलेले. मी दर अक्षय्य तृतीयेला दोराला तांब्या बांधून विहिरीत सोडतो आणि पाणी लागले की काठाशी येईल त्या जागी दोराला गाठ मारतो. कोणी सांगितले म्हणून नव्हे. मला मोजल्याशिवाय राहवत नाही. पंप बसल्यापासून दर वर्षी आदल्या वर्षीची गाठ काठाच्या आणखी खाली उतरत होती. मी दोर बाईंना दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन एकेक गाठ बोटाने मोजली.

मंडळाने बाईंचे मत लेखी मागितले. बाईंनी मराठीत दोनच वाक्ये लिहून दिली. तो कागद त्यांनी माझ्याच हाती दिला आणि तो अजून माझ्यापाशीच आहे. मजकूर अक्षरशः असा:

‘ह्या पाण्यावर उद्याच्या माणसांचा हक्क आजच्या माणसांपेक्षा तसूभरही कमी नाही. म्हणून आज जो सर्वांत जास्त उपसतो, त्याने आधी हात आवरावा.’

चौकात सगळ्यांना वाचता यावे म्हणून त्याचे हिंदी करून छापायचे ठरले. ते काम अर्थातच माझ्याकडे आले. मी अर्धा दिवस घेतला. ‘तसूभर’ला ‘रत्ती भर’ सुचले तेव्हा मी स्वतःवर खूश झालो. ‘ज़्यादा’ मधल्या ज खाली नुक्त्याचे टिंब आहे ना, हे भिंग घेऊन तपासले. बाईंनी फोनवर विचारले, "एकदा वाचून दाखवता का?" मी म्हणालो, "बाई, हिंदी माझी चोख आहे. तुम्ही निश्चिंत असा." आणि छापून विहिरीच्या भिंतीवर लावले:

‘इस पानी पर कल वालों का हक़ आज वालों से रत्ती भर भी कम नहीं। इसलिए आज जो सबसे ज़्यादा खींच रहा है, वह पहले हाथ रोके।’

वाचकांच्या लक्षात आलेच असेल. हिंदीत काल आणि उद्या ह्यांना शब्द एकच. आमच्या बनारसच्या मराठी घरांत तर हा घोळ रोजचा आहे. माझी मुलगी मुक्ता "बाबा, काल माझा पेपर आहे" असे म्हणते, आणि मी दर वेळी तिला टोकतो, "काल नाही, उद्या!" असा टोकणारा मी. नुक्त्यापर्यंत तपासणारा मी. भिंतीवर लावलेल्या त्या शब्दाकडे मी एकदाही वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले नाही.

चौकाने ते वाक्य वाचले ते असे: कल वाले म्हणजे कालपासूनचे, जुने रहिवासी; आज वाले म्हणजे आत्ता आलेले, भाडेकरू. जुन्या लोकांचा हक्क नव्या लोकांपेक्षा कमी नाही. आणि सर्वांत जास्त कोण खेचतो? एकेका खोलीत सहा सहा माणसे राहतात ते भाडेकरू. म्हणून त्यांनी हात आवरावा. आठवड्याभरात मंडळाने ठराव केला: पंपाची किल्ली जुन्या घरांकडे, त्यांचे भरून झाले की उरलेल्या वेळात भाडेकरूंनी भरावे. ठरावाची पहिली ओळ होती, ‘प्रोफ़ेसर साहिबा के मतानुसार’. पाच जुन्या घरांत किल्ली फिरू लागली. त्यांतले एक घर माझे. हे मी वगळू शकलो असतो, वगळत नाही.

मला चूक केव्हा कळली? ठराव वाचला त्याच क्षणी. आणि मी काय केले? घरी जाऊन दार लावून घेतले. मनाशी म्हणालो, बाईंना ह्यातले काही कळायचे नाही, त्या चौकात राहत नाहीत. पलीकडच्या गल्लीत राहतात.

ज्येष्ठातली सकाळ होती. मी बाईंकडे एका लेखाची मुद्रिते घेऊन गेलो होतो. दारात एकदम भांड्यांचा खणखणाट झाला. सातआठ बाया रिकाम्या बादल्या उंबऱ्यावर आपटत होत्या. सर्वांत पुढे सोनवणे वहिनी. ह्यांचे यजमान रेल्वेत. बदली होऊन जळगावकडून आलेले कुटुंब.

"बाई, बाहेर या जरा! एवढ्या शिकलेल्या तुम्ही, आन् असं लिहिता?"

"काय लिहिलं मी?"

"आपने ही तो लिखा है, कल वालों का हक़!" मागून एक जण ओरडली. "तो हम लोग प्यासे मरें?"

मी दाराच्या मागे उभा होतो. हातात मुद्रिते होती. पुढे होण्यासाठी मला दोन पावले टाकायची होती. ती टाकता आली नाहीत.

बाईंनी चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चला, दाखवा." भर उन्हात त्या चौकात गेल्या, सगळ्या बाया बरोबर, आणि सर्वांच्या मागे मी. भिंतीसमोर उभ्या राहून त्यांनी तो कागद वाचला. ‘कल’ ह्या शब्दावर बोट ठेवले. मग मान वळवून त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता सांगतील. तोवर अण्णाही बाहेर आले होते.

बाई म्हणाल्या, "यह वाक्य ठीक नहीं उतरा. ग़लती मुझसे हुई. मुझे कहना था, जो अभी पैदा नहीं हुए उनका हक़."

अण्णा हात जोडून म्हणाले, "बाई, आता बदलू नका. लोकांसमोर पास झालंय. आणि जन्मले नाहीत त्यांना पाणी कशाला लागतंय?"

"आन् कालवाले म्हणजे जुने हे कुणी ठरवलं?" सोनवणे वहिनी कडाडल्या. "आम्ही तर कालच आलो! मग कालवाले आम्हीच की! द्या किल्ली!"

सगळे हसले. अण्णाही हसले. वहिनी हसल्या नाहीत. मीही हसलो नाही, कारण माझ्या एका शब्दातून तिसरा अर्थ निघाला होता आणि तोही व्याकरणाने बरोबर होता. किल्ली मिळाली नाही. कोणीतरी, मला वाटते अण्णांच्या घरातलेच, पुटपुटले, "ह्यांना ना मूल ना बाळ, ह्यांना पुढच्यांची काळजी!" बाईंनी ऐकले. त्या म्हणाल्या, "मला नाहीत म्हणून तर सगळीच मोजता येतात." आणि चालू लागल्या.

परत येताना गल्लीच्या वळणावर त्या थांबल्या. सावली होती.

"घाबरलास," त्या म्हणाल्या.

अठ्ठावीस वर्षांत बाईंनी मला प्रथमच ‘तू’ म्हटले. ते रागाचे नव्हते. आई म्हणते तसे होते, आणि म्हणूनच माझ्याने मान वर करवेना.

"बाई, तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"घेतलं असतं तर काय झालं असतं? लोक पाणी विसरले असते आणि दत्ता करमरकराला हिंदी येतं की नाही ह्यावर बसले असते. चूक कुणाची हे गोड भांडण असतं, दत्ता. पाणी कुणाचं हे कडू असतं. आपण गोडाकडेच पळतो." थोडे पुढे गेल्यावर म्हणाल्या, "तुझं तू सांग. माझ्याकडून कधीच निघायचं नाही."

निघाले नाही. चार वर्षे त्यांच्या तोंडून कधीही, कुणाहीसमोर निघाले नाही. दर उन्हाळ्यात कोणीतरी त्यांना तोंडावर बोलत असे. एका कार्यक्रमात त्यांचा परिचय ‘मूळ रहिवाशांच्या हक्कांच्या पुरस्कर्त्या’ असा करून देण्यात आला. ज्यांनी जन्मभर बट्ट्याविरुद्ध लिहिले त्यांच्याच नावाला माझ्यामुळे बट्टा लागला, आणि मी श्रोत्यांत बसून टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते. न वाजवणे लक्षात आले असते.

ह्या अक्षय्य तृतीयेला मी दोर सोडला. तांब्या पाण्यात बुडाल्याचा आवाज येण्याऐवजी दगडावर आपटल्याचा आला. मी दोर वर ओढला, पुन्हा सोडला. दोनदा खात्री केली. पाणी तांब्याच्या गळ्यापर्यंतही नव्हते. महिन्याभरात अण्णांनी खोल बोरिंगचा मसुदा माझ्याकडे छापायला पाठवला. ती बोरिंग फक्त जुन्या घरांसाठी. सर्वांत वर, मोठ्या टाइपात बाईंचे नाव आणि ते वाक्य. ते जुळवताना माझी बोटे थांबली. ह्या वाक्याने आता आणखी खाली जायचे होते, आणि तिथे जे पाणी आहे ते कोणाचे, ह्याबद्दल बाईंनी एक अख्खे पुस्तक लिहिलेले आहे.

मी तो मसुदा तसाच ठेवून बाईंकडे गेलो. त्यांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते; काळा चष्मा लावून बसल्या होत्या. मी म्हणालो, गौरवग्रंथात हे सगळे लिहिणार आहे.

"गौरवग्रंथात शुद्धिपत्र!" त्या हसल्या. "संपादक चालवून घेतील?"

"नाही घेतलं तर मी माझ्या खर्चानं पानं छापून मधे घालीन."

"तू घालशील." मग गंभीर झाल्या. "भीती कुणाची वाटते? अण्णांची?"

"अण्णांची वाटते. छपाईचं सगळं काम मंडळाचं आहे. शेजाऱ्यांची वाटते. पण जास्त वहिनींची. चार उन्हाळे त्यांनी बादल्या उचलल्या."

"वाटू दे. पण हा ग्रंथ मराठीत. चौकातल्या निम्म्यांना तो वाचता येणार नाही. भिंतीवरचं कोण बदलणार?"

भिंतीवरचे मी बदलतो आहे. त्यासाठी तीन दिवस लागले. आधी ‘आने वाले’ लिहिले. मग लक्षात आले की बाहेरगावाहून येणारे असाही त्याचा अर्थ होतो, आणि वहिनींच्या घरी पुढल्या महिन्यात दीर येणार आहेत. ते खोडले. ‘अगली पीढ़ी’ लिहिले. अण्णा म्हणाले असते, म्हणजे आमचे नातू. तेही खोडले. शेवटी बाईंनी त्या दिवशी उन्हात जे म्हटले होते तेच घेतले: ‘जो अभी पैदा नहीं हुए, किसी के भी घर में।’ पुढचे पाच शब्द माझे आहेत. ह्या वेळी बाईंना वाचून दाखवले. त्यांनी दोनदा ऐकले आणि दुसरे वाक्यही बदलायला लावले. नव्या कागदावर त्या जागी आहे, ‘जिसके हाथ में चाबी है, वह पहले हाथ रोके।’ सर्वांत जास्त कोण उपसतो ह्याबद्दल पुन्हा कोणाला शंका राहायला नको, असे त्यांचे म्हणणे. चावी माझ्या घरीही आहे. तेव्हा हात आधी मला आवरायचा आहे.

ग्रंथाचे प्रकाशन झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कागद लावणार. त्यानंतर येणाऱ्या रविवारी सभा. ठराव पडेल असे मला वाटत नाही. अण्णांच्या बाजूला चार घरे आहेत, आमच्या बाजूला माझे एक, आणि भाडेकरूंना मत नाही. ज्यांच्याबद्दल हे सगळे आहे त्यांना तर नावेही नाहीत. मला भीती वाटते. ही पाने लिहिताना वाटत होती, आताही वाटते आहे. फक्त बाईंच्या वाक्याआड लपून राहण्याची सोय आता उरलेली नाही, आणि ती मीच मोडली आहे, एवढा फरक.

लोक अशा लेखाच्या शेवटी शतायुषी व्हा असे म्हणतात. बाईंच्या बाबतीत मला शंभर हा आकडा नेमका वाटत नाही. मी नेमके मागतो. बाईंचा दुसरा डोळा पहिल्याइतकाच स्वच्छ व्हावा. गुडघ्यांनी त्यांना चौकापर्यंतच्या पायऱ्या उतरू द्याव्यात. सभेच्या रविवारी त्या खुर्चीवर पुढे बसलेल्या असाव्यात, आणि मी उभा राहून बोलताना अडखळलो तर त्यांनी मला सर्वांसमोर ‘तू’ म्हणून दटावावे. त्यानंतर त्यांनी इतकी वर्षे निरोगी राहावे, की आज जे कुठेच नाहीत त्यांतली काही मुले जन्मतील, चालायला लागतील, आणि एखादी दुपारी खेळता खेळता तहान लागून आमच्या विहिरीवर येईल. ती कोणाच्या घरची, हे बाईंनी विचारू नये. आम्हीही विचारू नये. तिने पाणी प्यावे, आणि बाईंनी ते पाहावे.

— दत्तात्रेय करमरकर, ब्रह्माघाट, वाराणसी